हरणांच्या वाटेवरचा कॅमेरा

महिनाभर रानात बांधून ठेवलेला कॅमेरा उघडावा, आतले कार्ड मोठ्या उत्सुकतेने संगणकाला जोडावे आणि पडद्यावर काय दिसावे, तर दोन हजार छायाचित्रांत वाऱ्यावर डोलणारे गवत, गवत आणि पुन्हा गवत! मध्येच एखादे वानर भिंगात डोकावून गेलेले असते. एका चित्राच्या कडेला कसलीशी शेपटी दिसते आणि ती चितळाची की भेकराची यावर घरात तासभर वाद रंगतो. ट्रेल कॅमेरा, म्हणजे आपल्याकडे 'कॅमेरा ट्रॅप' या नावाने परिचित झालेले उपकरण, पहिल्यांदा लावणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असाच असतो. दोष कॅमेऱ्याला दिला जातो, पुढच्या खेपेस अधिक महागाचा कॅमेरा आणला जातो आणि गवताची छायाचित्रे अधिक सुस्पष्ट येऊ लागतात. खरा दोष बहुतेक वेळा जागेचा, उंचीचा आणि दिशेचा असतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर त्यावर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु कॅमेऱ्यात हरीण आले नाही, की 'इथे हरणे उरली नाहीत' असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. शेतातले नुकसान कोणी केले, गावामागचे रान राखावे की नाही, वाघ-बिबट्यांना खाद्य पुरेसे आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे आज या छायाचित्रांत शोधली जातात. चुकीच्या जागी लावलेला कॅमेरा खोटे बोलत नाही, पण अर्धेच सांगतो आणि ते अर्धे आहे हे आपल्याला कळत नाही. म्हणूनच हरणासाठी कॅमेरा कुठे आणि कसा लावावा, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सुरुवात हरणापासूनच

आज कॅमेरा ट्रॅप म्हटले की वाघ डोळ्यांसमोर येतो. या तंत्राचा प्रारंभ मात्र हरणापासून झाला. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हा पेशाने वकील आणि आवडीने शिकारी. काही काळ तो तेथील प्रतिनिधिगृहाचा सदस्यही होता. मिशिगन राज्यातील व्हाइटफिश सरोवराच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याने बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला. रात्रीच्या वेळी होडीतून जाऊन तो काठावरच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची छायाचित्रे घेई. पुढे त्याने वाटेवर तार ताणून ठेवण्याची युक्ती केली. प्राण्याचा पाय तारेला लागला की कॅमेऱ्याची कळ दाबली जाई आणि प्रकाशाचा लोळ उठे. हरणाने स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढावे, अशी ही योजना होती. १९०६ सालच्या जुलै महिन्यात 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने त्याची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली.

भारतात हे तंत्र रुजवण्याचे श्रेय जाते ते एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याकडे. १९२० च्या दशकात तत्कालीन संयुक्त प्रांतातील जंगलांत त्याने तार ताणून वाघांची आणि इतर वन्यप्राण्यांची रात्रीची छायाचित्रे मिळवली. त्याचे पुस्तक १९२७ साली प्रकाशित झाले. पुढे १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून त्यांची संख्या काढण्यासाठी हे तंत्र वापरले. तेथून कॅमेरा ट्रॅपला शास्त्रीय साधनाची प्रतिष्ठा लाभली. २०१८ सालच्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१. म्हणजे हजारात जेमतेम दोन! उरलेल्या कोट्यवधी छायाचित्रांत बिबटे आणि हरणांसह इतर रान होते. मात्र हे सारे कॅमेरे वाघ टिपण्याच्या हेतूने लावलेले होते, हे ध्यानात ठेवायला हवे. हरणे त्यांत आली ती ओघाने.

कॅमेऱ्याला दिसत नाही, जाणवते

जागेची निवड करण्यापूर्वी हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात पाहू. ट्रेल कॅमेऱ्याचे भिंग सतत उघडे नसते. भिंगाखाली एक दुधी रंगाची, किंचित फुगीर चकती असते. तिच्यामागे उष्णता जाणणारा सेन्सर बसवलेला असतो. कोणत्याही वस्तूतून उष्णतेचे जे अवरक्त किरण बाहेर पडतात, ते हा सेन्सर टिपतो. चकतीची रचना अशी असते, की समोरचा परिसर अनेक पट्ट्यांत विभागला जातो. एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात उष्णतेचा फरक सरकला, की सेन्सर जागा होतो आणि मग कॅमेरा छायाचित्र घेतो.

यातून तीन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, प्राणी कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला तर तो भराभर पट्टे ओलांडतो आणि चटकन टिपला जातो. तोच प्राणी सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आला, तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि अगदी जवळ येईपर्यंत सेन्सरला त्याची खबर लागत नाही. दुसरी, सेन्सरला केवळ हालचाल पुरत नाही, केवळ उष्णताही पुरत नाही, दोन्ही एकत्र लागतात. उन्हात तापलेले गवत वाऱ्याने हलले की या दोन्ही अटी पूर्ण होतात. गवताच्या दोन हजार छायाचित्रांचे रहस्य ते हेच. तिसरी गोष्ट म्हणजे हे किरण साध्या काचेतून आरपार जात नाहीत. त्यामुळे शेतघराच्या बंद खिडकीआड कॅमेरा ठेवून अंगणात आलेले भेकर टिपण्याचा बेत कधीच सिद्धीस जात नाही.

वाघाची वाट वेगळी, हरणाची वेगळी

वाघ आणि बिबट्या यांना चालण्यासाठी मोकळी वाट आवडते. जंगलातले कच्चे रस्ते, पायवाटा, कोरडे नाले यांवरून ते मैलोगणती चालतात. म्हणून व्याघ्रगणनेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर कॅमेऱ्यांची जोडी लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असल्यामुळे दोन्ही बाजूंचे छायाचित्र लागते. रस्त्यावरून चालणारा वाघ या कॅमेऱ्यांसमोरून आडवा जातो आणि अचूक टिपला जातो.

हरणाचे तसे नाही. रस्ता ही त्याच्या दृष्टीने धोक्याची, ओलांडून जाण्याची जागा. चितळांचा कळप एका बाजूच्या झाडीतून निघतो, क्षणभर थबकतो आणि रस्ता पार करून पलीकडच्या झाडीत शिरतो. आता कॅमेरा रस्त्याच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून उभा आहे अशी कल्पना करा. रस्ता ओलांडणारे हरीण त्याच्या दृष्टीने आडवे जात नाही. एकतर समोरून अंगावर येते किंवा पाठ फिरवून दूर जाते. म्हणजे सेन्सर जिथे सर्वांत आंधळा, नेमकी तीच चाल! वाघासाठी आदर्श असलेली मांडणी हरणाला अर्धवट का पकडते, याचे उत्तर या साध्या भूमितीत आहे. हरणासाठी कॅमेरा लावणाऱ्याने म्हणून रस्ता सोडून आत शिरले पाहिजे आणि हरणाची स्वतःची वाट शोधली पाहिजे.

आधी प्राणी ठरवा

'हरीण' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. काळवीट, चिंकारा, चौसिंगा हे कुरंगकुळातले प्राणी. त्यांची शिंगे आतून पोकळ आणि जन्मभराची. चितळ, सांबर आणि भेकर हे मृगकुळातले. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. पिसोरी या दोहोंहून निराळी, बिनशिंगांची, सशाहून थोडी मोठी. महाराष्ट्रात मृगकुळातील तिन्ही जाती आणि पिसोरी आढळतात, परंतु त्यांच्या सवयी इतक्या भिन्न आहेत की एकाच मांडणीत सर्वांना न्याय मिळत नाही.

चितळ कळपाने राहते. त्याला गवताळ मोकळीक आणि झाडी यांची सीमा प्रिय असते. सकाळ-संध्याकाळ ते चरताना दिसते आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. विदर्भातील ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या जंगलांत ते विपुल आहे. सांबर आकाराने सर्वांत मोठे, डोंगरउताराच्या दाट झाडीत राहणारे आणि मुख्यतः रात्रीचे. भेकर बहुधा एकेकटे, झुडपांच्या आडोशाने फिरणारे, सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत सर्वत्र. पिसोरी निशाचर आणि अतिशय लाजाळू. रानात वर्षानुवर्षे हिंडणाऱ्यांनाही ती क्वचितच दिसते. मुंबईच्या कुशीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही हे चारही प्राणी आहेत, ही गोष्ट अनेक मुंबईकरांना ठाऊक नसते.

जागा कशी हेरावी

कॅमेरा बांधण्याच्या आधी एक-दोन दिवस नुसते चालावे, हे उत्तम. ओलसर मातीत दुभागलेल्या खुरांचे ठसे, लेंड्यांचे ढीग, शेंडे खुडलेली झुडपे, नराने शिंगे घासून साल सोललेली झाडे, या खुणा वाचत गेले की गवतातून जाणारी वीतभर रुंदीची वाट हळूहळू उमगू लागते. अशा दोन वाटा जिथे मिळतात, ती जागा एका वाटेहून चांगली.

त्याहून चांगली जागा म्हणजे जिथे भूगोलच हरणाला चिंचोळ्या वाटेने जायला भाग पाडतो. नाल्याचे काठ दोन्हीकडे उभे असून मध्येच एके ठिकाणी उतार असेल, तर ओलांडण्यासाठी सारे प्राणी तिथेच येतात. कुंपणातील फट, पडलेल्या मोठ्या झाडाची बाजू, दोन टेकड्यांमधली खिंड, शेताच्या बांधाला रान टेकते तो कोपरा, ही सारी त्याच जातीची ठिकाणे. तिथे हरीण चाल मंदावते, कान टवकारून उभे राहते आणि मगच पुढे जाते. कॅमेऱ्याला नेमका हाच क्षण हवा असतो. जिथे दृश्य सुंदर आहे ती जागा निवडू नये, जिथे हरीण थांबते ती निवडावी.

ऋतूचे भान सुटता कामा नये. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की पहाटेपूर्वी चितळ, सांबर आणि अस्वलही झाडाखाली येतात. आवळा, बेहडा यांची फळे पडतात तेव्हा त्या झाडांखाली वर्दळ वाढते. वानरांचा कळप झाडावर असेल तर खाली चितळे हमखास असतात. वानरांच्या हातून पडणारा पाला आणि फळे त्यांना आयती मिळतात, शिवाय उंचावरून पाहणारा पहारेकरीही लाभतो. मे महिन्यात पाणवठा हीच सर्वांत खात्रीची जागा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्राणीगणना करण्याची आपल्याकडील प्रथा याच कारणाने पडली.

मात्र पाणवठ्यावर कॅमेरा थेट पाण्याकडे रोखू नये. पाण्यावरचा चकाकता प्रकाश छायाचित्र बिघडवतो आणि लाटांची ऊब-गारवा सेन्सरला चकवतो. पाण्यापासून पाच-दहा पावले मागे, पाण्याकडे येणाऱ्या वाटेवर कॅमेरा लावावा. यात आणखी एक विचार आहे. भर उन्हाळ्यात कोसभर परिसरात एकच पाणवठा उरला असेल, तर तिथे आपली सारखी ये-जा होणे म्हणजे तहानलेल्या जनावराला पाण्यापासून हुसकावण्यासारखेच आहे.

उंची, अंतर आणि कोन

उंचीचा नियम सोपा आहे. भिंग प्राण्याच्या छातीच्या पातळीला असावे. माणूस सवयीने आपल्या छातीच्या उंचीवर कॅमेरा बांधतो आणि मग हरणाच्या पाठीची छायाचित्रे मिळतात. सांबरासाठी जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटर, चितळासाठी सुमारे ६०, भेकरासाठी ४० ही उंची योग्य ठरते. पिसोरीची खांद्याची उंचीच २५ ते ३० सेंटिमीटर. तिच्यासाठी कॅमेरा जमिनीपासून वीतभरच वर हवा. सांबराच्या बेताने लावलेल्या कॅमेऱ्याखालून पिसोरी रोज रात्री निघून जाईल आणि आपण मात्र या रानात ती नाहीच असे समजून बसू. चितळ आणि भेकर दोन्ही अपेक्षित असतील, तर ५० सेंटिमीटर ही तडजोड बरी.

आता अंतर. कॅमेऱ्याचे दृष्टिक्षेत्र साधारण ४५ अंशांचे धरले, तर ५ मीटर अंतरावर सुमारे ४ मीटर रुंदीचा भाग चित्रात येतो. रमतगमत चालणारे चितळ तो तीन-साडेतीन सेकंदांत पार करते. हेच अंतर दीड मीटरवर आणले, तर चित्रात जेमतेम सव्वा मीटर जागा येते. हरणाचे अंगच त्याहून लांब! सेन्सर जागा होऊन छायाचित्र घेईपर्यंत कॅमेऱ्याने एक सेकंद घेतला, तरी हाती लागते ती केवळ शेपटी. म्हणून चितळ-सांबरासाठी वाटेपासून ४ ते ६ मीटर, भेकरासाठी ३ मीटर आणि पिसोरीसाठी दीड-दोन मीटर अंतर ठेवावे. फार दूर गेल्यासही तोटा आहेच, कारण दूरवरच्या लहान प्राण्याची ऊब सेन्सरपर्यंत पोहोचत नाही.

कोनाच्या बाबतीत दोन गरजांचा मेळ घालावा लागतो. कॅमेरा वाटेला काटकोनात लावला तर सेन्सर सर्वांत तत्पर राहतो, पण प्राणी चित्रातून लवकर निसटतो. वाटेच्या दिशेने लावला तर प्राणी बराच वेळ चित्रात राहतो, पण सेन्सरला उशिरा कळते. अनुभवाने ठरलेला मध्यममार्ग ४५ अंशांचा. यात प्राणी तिरका येतो, अंग आणि मुद्रा दोन्ही दिसतात आणि मागून येणारा कळपही चित्रात सामावतो. हरीण कोणत्या दिशेने येईल याचा अंदाज असेल, तर त्याचे तोंड दिसेल असा कोन धरावा.

जमीन उताराची असेल तर कॅमेरा त्या उताराशी समांतर झुकवावा. झाड सरळ वाढले म्हणून कॅमेराही सरळ ठेवला, तर चढावर केवळ माती आणि उतारावर केवळ आकाश दिसते. कॅमेऱ्यामागे काटकीचा तुकडा पाचरीसारखा बसवला की हे काम भागते. ज्या झाडाला कॅमेरा बांधायचा ते मनगटापेक्षा बरेच जाड असावे. बारीक झाड वाऱ्याने हलते आणि कॅमेऱ्याला सारे रानच पळताना दिसते.

ऊन, पाऊस आणि मुंग्या

भिंग शक्यतो उत्तरेकडे रोखावे. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी आणि पश्चिमेकडे असेल तर सायंकाळी सूर्य थेट भिंगात येतो. हरणांच्या हालचालीची वेळ नेमकी हीच. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत विदर्भात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो खरा, पण तो डोक्यावरच असल्याने त्याची बाधा होत नाही.

उन्हाळ्याची खरी बाधा वेगळीच आहे. सेन्सरला प्राणी आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक लागतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दगड, माती आणि हरणाचे अंग यांच्या उष्णतेत फारसे अंतर उरत नाही आणि समोरून गेलेले हरीणही सेन्सरला जाणवत नाही. अशा वेळी सेन्सरची संवेदनक्षमता सर्वांत वर ठेवावी, अंतर कमी करावे आणि सावलीची पार्श्वभूमी निवडावी. थंडीत उलट, संवेदनक्षमता थोडी खाली आणली तरी चालते.

सह्याद्रीच्या पावसाची तऱ्हा आणखी निराळी. चार महिन्यांत कॅमेऱ्याच्या आत दमट बाष्प साचते, भिंगावर बुरशी धरते, मुंग्या खोबणीत घर करतात. झाकणाच्या रबरी कडा स्वच्छ ठेवणे, आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणे आणि वर झाडाच्या सालीचे किंवा पत्र्याचे लहानसे छप्पर करणे हे उपाय उपयोगी पडतात. पावसाळ्यात गवत आठवड्यागणिक वाढते. स्वतःच्या जमिनीवर कॅमेऱ्यासमोरचे गवत विळ्याने काढता येईल. वनजमिनीवर मात्र फांदी तोडण्याचा मोह टाळावा आणि मुळातच मोकळी जागा निवडावी.

रात्रीचा उजेड

रात्रीच्या छायाचित्रासाठी कॅमेऱ्यात तीन प्रकारचे दिवे असतात. पांढरा झोत रंगीत आणि सुस्पष्ट चित्र देतो, परंतु प्राणी दचकतो आणि एखादे सावध सांबर ती वाटच सोडून देते. दुसरा प्रकार ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांचा. त्यांची मंद लाल ठिणगी डोळ्यांना दिसते, मात्र प्रकाश दूरवर पोहोचतो. तिसरा ९४० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य, परंतु त्याचा पल्ला कमी. या दोन्ही प्रकारांत चित्र कृष्णधवल येते. हरणासाठी अवरक्त दिव्यांचाच कॅमेरा घ्यावा आणि चोरीची भीती असेल तिथे तिसरा प्रकार पत्करावा. बॅटरी उतरू लागली की दिव्यांचा प्रकाश मंदावतो आणि दिवसाची चित्रे उत्तम, रात्रीची काळीकुट्ट, असा प्रकार घडतो. तो कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे.

मांडणीनंतरची परीक्षा

कॅमेरा बांधून लगेच पाठ फिरवू नये. बहुतेक कॅमेऱ्यांत चाचणीची सोय असते. ती सुरू करून वाटेवरून चालून पाहावे. पण उभ्याने नव्हे! भेकराच्या उंचीची परीक्षा घ्यायची तर रांगतच जावे लागते. पाहणाऱ्यांना हसू आले तरी चालेल. जवळून, मधून आणि दुरून अशा तीन फेऱ्या घातल्या की सेन्सर कुठे जागा होतो ते कळते.

दिनांक आणि वेळ तपासून घ्यावी. सकाळ आणि सायंकाळ यांची अदलाबदल झालेली असेल, तर दिवसा चरणारे चितळ नोंदीत निशाचर ठरते. जागेचे नाव आणि तारीख लिहिलेली पाटी धरून पहिले छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढे कार्डांची सरमिसळ होत नाही. एका वेळी किमान तीन छायाचित्रे घेण्याची योजना ठेवावी आणि दोन खेपांमधला विराम शक्य तितका कमी करावा. चितळांच्या कळपात बहुधा माद्या पुढे असतात, शिंगाळा नर मागून येतो. कॅमेरा मिनिटभर विश्रांती घेत राहिला, तर पहिली मादी तेवढी मिळते आणि नर निघून जातो.

हरणाचे नाक तीक्ष्ण असते. कॅमेऱ्याची देखभाल भर दुपारी, हरणे सावलीत विसावलेली असताना करावी, अत्तर-तेलाचा वास टाळावा आणि तीन-चार आठवडे तिकडे फिरकू नये. उतावीळपणे दर दोन दिवसांनी कार्ड पाहायला जाणाऱ्याच्या कॅमेऱ्यात शेवटी एकच प्राणी सापडतो, तो म्हणजे तो स्वतः!

छायाचित्र हवे की संख्या?

हा प्रश्न सुरुवातीलाच स्वतःला विचारावा. वर सांगितलेल्या साऱ्या युक्त्या छायाचित्र मिळण्याची शक्यता वाढवण्यासाठी आहेत. पण जिथे हरणे हमखास येतात तिथेच कॅमेरे लावून, आलेल्या चित्रांवरून साऱ्या जंगलातील हरणे मोजू लागलो, तर ती मोजणी फुगलेली निघेल. एकच चितळ दिवसातून पाच वेळा येऊन जाते आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखावा तितक्या सहजतेने चितळ किंवा सांबर वेगळे ओळखता येत नाही. म्हणून तृणभक्षी प्राण्यांची घनता काढण्यासाठी व्याघ्रगणनेत ठरावीक रेषेवरून चालत, दिसलेल्या प्राण्यांचे अंतर मोजण्याची पद्धत वापरली जाते. कॅमेऱ्यांवरूनही घनता काढता येते. ओळख न पटणाऱ्या प्राण्यांसाठी तसे गणिती सूत्र २००८ साली मांडले गेले. पण त्यासाठी कॅमेरे प्राण्यांच्या आवडीच्या जागा न पाहता, नकाशावर ठरवलेल्या बिंदूंवर लावावे लागतात. मग रिकाम्या चित्रांनाही अर्थ येतो.

घरच्या शेतापुरता विचार करायचा तर इतके खोलात जाण्याचे कारण नाही. बांधावरचा कॅमेरा पिकात रात्री कोण शिरले एवढे सांगतो, आणि तेवढेही मोलाचे असते. रानडुक्कर कुंपणाखालून उकरून येते, चितळ वरून उडी मारते. शत्रू कोण हे कळल्याशिवाय कुंपणावर केलेला खर्च वाया जातो.

कायदा आणि माणूस

आता सर्वांत महत्त्वाचे. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य यांत परवानगीवाचून कॅमेरा लावता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभ्यासासाठी आणि छायाचित्रणासाठी परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे. इतर वनजमिनीवरही वन विभागाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर कॅमेरा लावता येतो, परंतु तिथेही हरणांना भुलवण्यासाठी मीठ, धान्य किंवा फळे टाकू नयेत. याच कायद्याने केलेल्या 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्यप्राण्याला आमिष दाखवण्याचाही समावेश आहे. हेतू केवळ छायाचित्राचा होता, असे म्हणून तेथे सुटका होईलच असे नाही. शिवाय रोज ठरल्या जागी येणारे हरीण शिकाऱ्यालाही आयतेच सापडते. त्याच कारणाने छायाचित्रे इतरांना पाठवताना जागेचा नेमका पत्ता देऊ नये आणि त्यांत साठवलेले स्थळाचे आकडेही काढून टाकावेत. वाटेवर तारेचा फास आढळला, तर नजीकच्या वनरक्षकाला तत्काळ कळवावे.

रानातल्या वाटा केवळ प्राण्यांच्या नसतात. मोहफुले वेचायला, सरपणाला, गुरांमागे माणसेही त्याच वाटांनी जातात. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. जंगलात कॅमेरे असल्याच्या जाणिवेने गावातील स्त्रिया मोकळेपणी बोलेनाशा, गाईनाशा झाल्याचे त्यात दिसून आले. वास्तविक रानात मोठ्याने बोलणे, गाणे हे वाघ-हत्तींना आपली चाहूल देण्याचे साधन. म्हणजे वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्याने माणसांची सुरक्षितता कमी केली. म्हणून कॅमेरा लावण्याआधी गावात सांगावे, माणसांच्या नेहमीच्या वाटा वगळाव्यात आणि चुकून आलेली माणसांची छायाचित्रे कोणालाही न दाखवता पुसून टाकावीत.

थोडक्यात सांगायचे तर कॅमेरा झाडाला बांधण्याचे काम पाच मिनिटांचे असते, त्याआधीचे पाहणे मात्र काही दिवसांचे. हरीण कुठे चरते, कुठे पाणी पिते, कुठे थबकते, त्याची छाती जमिनीपासून किती उंच आहे, हे ज्याने पाहिले त्याचा साधा कॅमेराही बोलका होतो. आणि कार्ड रिकामे निघाले, तर 'इथे हरणे नाहीत' असे म्हणण्यापूर्वी त्याने एकदा गुडघ्यांवर बसून, हरणाच्या उंचीवरून, ती वाट पुन्हा पाहावी.